परीक्षा आटोपल्यावर शाळा कशासाठी? प्राथमिक वर्गातल्या एप्रिल महिन्याचा आढावा

गुढीपाडव्याच्या आसपास शाळा सकाळची होते, पंधरवडाभर पेपरांची गडबड चालते आणि १ मे रोजी ध्वजवंदन झाले की निकाल हातात पडतो. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांचे वर्ष अनेक वर्षे याच ठेक्यावर संपत आले आहे. या ठेक्यात एक मोकळी जागा आहे. शेवटचा पेपर ते निकाल या दिवसांत शाळा कागदोपत्री चालू असते, हजेरीपट उघडा असतो, पोषण आहार शिजतो. पण वर्गात काय चालावे, हे ठरलेले नसते. कुठे चित्रे काढली जातात, कुठे गाणी-गोष्टी होतात, तर कुठे चाळीसच्या पटावर सहा मुले येतात आणि अकराच्या आत घरी जातात.

गेल्या काही वर्षांत ही जागा अचानक महत्त्वाची ठरली. शासनाला तिथे वाया गेलेले अध्यापनाचे दिवस दिसले, शिक्षकांना निकालाच्या कामाचा एकमेव सवडीचा काळ दिसला, उपक्रमशील शाळांना मोकळ्या शिक्षणाची संधी दिसली, तर पायाभूत साक्षरतेसाठी झटणाऱ्यांना मागे राहिलेल्या मुलांसाठीची शेवटची खिडकी दिसली. या सगळ्यांचे म्हणणे काय, त्याला आधार कोणता आणि अजून काय सुटलेले नाही, याचा हा आढावा.

मूल्यमापनाची बदलती चौकट

सहामाही आणि वार्षिक या दोन खांबांवर प्राथमिक शाळेचे वर्ष उभे होते, तोवर हा प्रश्न फारसा पडत नव्हता. वार्षिक परीक्षा हाच वर्षाचा शेवट होता; नंतरचे दिवस पेपर तपासण्याचे आणि निकालपत्रक भरण्याचे.

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने दोन गोष्टी बदलल्या. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावे, असे परिशिष्टात बांधून दिले. दुसरे, आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही आणि मुलाच्या आकलनाचे मूल्यमापन सर्वंकष व सतत करायचे, असे ठरले. महाराष्ट्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. वर्षभराच्या नोंदींवरचे आकारिक आणि सत्राअखेरचे संकलित, असे मूल्यमापनाचे दोन भाग पडले. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. म्हणजे इयत्ता जितकी लहान, तितके शेवटच्या परीक्षेचे वजन कमी. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने शिक्षकांच्या हाती आली आणि गुणांऐवजी श्रेणी व वर्णनात्मक नोंदी आल्या.

कागदावर पाहिले तर या व्यवस्थेत वर्षअखेरीचा ताण उरायला नको होता. प्रत्यक्षात नोंदींचे काम एप्रिलमध्येच तुंबू लागले. ‘वाचन आवडीने करतो’, ‘गटात सहकार्य करते’ यांसारखी वाक्ये तयार पुस्तिकांतून एकामागून एक उतरवली जातात, ही तक्रार शिक्षकांच्याच बैठकांत नेहमी ऐकू येते. दोनशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयातली वेगळी नोंद करायची तर ती कधी, याचे सोपे उत्तर नाही.

त्यानंतर चाके पुन्हा परीक्षेकडे फिरली. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि त्यासोबत पायाभूत व संकलित चाचण्या आल्या. केंद्राने २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती अमलात आणली. आता पाचवीच्या मुलाला प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण लागतात. ते न मिळाल्यास पुनर्परीक्षा आणि तिथेही न जमल्यास त्याच वर्गात पुन्हा बसणे आहे. त्याच सुमारास प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेने सुरू झाल्या. त्यांतली ‘संकलित चाचणी २’ वर्षाच्या शेवटी येते. आज पाचवीच्या वर्गात वर्णनात्मक नोंदी, संकलित चाचणी आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवणारी वार्षिक परीक्षा अशी तिन्ही तत्त्वे एकाच एप्रिलमध्ये नांदतात.

२०२५ चे वेळापत्रक आणि त्यावरचा वाद

हा वाद चव्हाट्यावर आला तो २०२५ च्या वसंतात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या वर्षअखेरीच्या परीक्षांसाठी राज्यभर एकच वेळापत्रक जाहीर केले: ८ ते २५ एप्रिल. निकाल मात्र १ मे रोजीच लागायचा होता.

परिषदेची भूमिका सरळ होती. शाळा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षा उरकतात, मग मुले येईनाशी होतात आणि सत्र संपायच्या आधीच अध्यापन थांबते. परीक्षा शेवटाला नेली की त्या आधीचे दिवस शिकवायला मिळतात. हिशेब मांडला तर या म्हणण्यात दम आहे. किमान २०० दिवसांच्या वर्षात वीस दिवस नावापुरते गेले तर तो वर्षाचा दहावा हिस्सा होतो. हे नुकसान सगळ्यांचे सारखेही नसते. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणी आहे, त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याला शाळेखेरीज अक्षर भेटत नाही, त्याचे बिघडते.

शिक्षक संघटना आणि बऱ्याच पालकांचे आक्षेपही पोकळ नव्हते. पहिला आक्षेप उन्हाचा. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४० च्या वर असतो. पत्र्याच्या छपराखाली, पंखा असला तर वीज नाही अशा खोलीत आठ वर्षांच्या मुलाने पेपर लिहायचा, ही साधी गोष्ट नाही. शासनानेही मार्च २०२५ च्या अखेरीस प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ करायला सांगितले होते. दुसरा आक्षेप कामाचा. २५ तारखेपर्यंत पेपर चालले तर तपासणी, श्रेणी, नोंदी, निकालपत्रके आणि ऑनलाइन माहिती हे सारे चार-पाच दिवसांत कसे बसवायचे? तिसरा आक्षेप गावगाड्याचा. चैत्र-वैशाख म्हणजे जत्रा आणि लग्नसराई. परीक्षा लांबली तरी मुले थांबतीलच असे नाही.

दोन्ही बाजूंनी आपापले मुद्दे नीट मांडले. पण तारखेच्या या भांडणात एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरली होती: परीक्षा संपली की शिकणे संपते. एकाला म्हणून ती उशिरा हवी, दुसऱ्याला म्हणून लवकर. हे गृहीतक न मानणारी तिसरी परंपरा महाराष्ट्रात बरीच जुनी आहे.

उपक्रमांची परंपरा

गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’ चौथीच्या वर्गावर वर्षभर केलेल्या प्रयोगाची कहाणी सांगते आणि मराठी शिक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांनी ते वाचले आहे. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक आणि पुढे अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण परिसराशी आणि हाताच्या कामाशी जोडले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने अनुभव, संवाद आणि प्रकल्प यांभोवती प्राथमिक वर्ग बांधला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद फरशीवर आखलेल्या तक्त्यांतून आणि खडे-काड्यांतून सामान्य सरकारी शाळेत आणून दाखवला. या परंपरेचे म्हणणे असे की वर्षाचा शेवट हा मुलाने काय काय केले ते मांडून पाहण्याचा काळ आहे. वर्षभरातली चित्रे, लिहिलेल्या गोष्टी, परसबागेतल्या मोजमापाच्या वह्या, गावच्या विहिरींची मुलांनी केलेली यादी हे पालकांपुढे मांडले की मुलाला आपला प्रवास दिसतो आणि पालकांना श्रेणीच्या पलीकडचे काही कळते.

सरकारी पातळीवरही या विचाराला अधूनमधून जागा मिळाली. २०२४ पासून आनंददायी शनिवारची संकल्पना आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले. मुलाने स्वतःबद्दल, सोबत्यांनी त्याच्याबद्दल आणि पालकांनी घरचे काही लिहावे, अशी समग्र प्रगतिपत्रकाची कल्पनाही याच धोरणातली. बालआनंद मेळाव्यात चौथीची मुले भेळ, कोथिंबिरीच्या जुड्या आणि लिंबू सरबत विकायला बसतात तेव्हा पन्नासची नोट घेऊन सदतीस रुपये परत करणे, उरलेल्या मालाचा भाव उतरवणे आणि शेवटी नफा काढणे हे गणित पुस्तकातल्या उदाहरणाइतकेच खरे असते. ज्याला वहीत हातच्याची वजाबाकी जमत नाही, तो मुलगा इथे सुटे पैसे बिनचूक मोजताना दिसतो, असा अनुभव शिक्षक सांगतात.

या भूमिकेवरचे प्रश्नही नोंदवायला हवेत. उपक्रमात शिकणे होते की नुसती करमणूक, हे तो कसा घेतला यावर ठरते. सरबत शिक्षकांनीच केले, हिशेब ताईंनीच मांडला आणि मुले फोटोपुरती उभी राहिली, तर त्यात गणित नसते. फोटो वरच्या कार्यालयाला पाठवायचा म्हणून उपक्रम करायचा, ही वहिवाट अनेक शाळांत रुळली आहे. शिवाय परीक्षेआधीचे उपक्रम नोंदीत धरले जातात, परीक्षेनंतरचे धरलेच जात नाहीत. जे मोजले जात नाही ते ऐच्छिक ठरते आणि ऐच्छिक दिवशी मुले येत नाहीत.

शेवटची खिडकी: पायाभूत वाचन आणि गणन

चौथी भूमिका सांगते की ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे दिवस राखून ठेवा. तिच्यामागे ‘असर’ सर्वेक्षणांचे आकडे आहेत. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०२२ मध्ये सुमारे २० टक्के होते आणि २०२४ मध्ये २७ टक्क्यांपर्यंत आले. सुधारणा आहे, तरी चारांतली जवळपास तीन मुले अजून अलीकडच्या काठावर आहेत. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर सगळ्या मुलांना पायाभूत वाचन व गणन यावे, हे त्याचे लक्ष्य ठरले. महाराष्ट्राने मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम काढला. त्याचा काळ वर्षाच्या शेवटावरच बेतलेला होता: ५ मार्च ते ३० जून. चावडी वाचनासारख्या प्रयोगात मूल गावापुढे उभे राहून वाचते आणि प्रगतिपुस्तकातली श्रेणी प्रत्यक्षात किती खरी, हे सगळ्यांना ऐकू येते.

थोड्या दिवसांच्या एकाग्र सरावाने फरक पडतो का? बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच ‘प्रथम’ या संस्थेच्या साहित्यानिशी महिनाभर शिबिरे घेतली. त्या शिबिरांच्या अभ्यासात मुलांच्या वाचन-गणितात मोजता येण्याजोगी वाढ दिसली. त्याच शिक्षकांना शाळेच्या चालू वर्षात नुसते प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. यातून निघणारा अर्थ असा की अभ्यासक्रम पुरा करण्याचा दट्ट्या नसला आणि मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार पाडले, की तोच शिक्षक अधिक परिणामकारक ठरतो. परीक्षेनंतरच्या एप्रिलमध्ये नेमका हा दट्ट्या नसतो.

विरोधी मुद्दा असा की ज्या मुलांना सरावाची सर्वाधिक गरज, तीच या दिवसांत सर्वांत कमी येतात. वर्ग अर्धा रिकामा असताना काहीच मुलांना बोलावले तर त्यांच्यावर ‘कच्ची मुले’ हा शिक्का बसतो, हेही शिक्षक अनुभवाने जाणतात.

एप्रिलमध्येच पुढची इयत्ता

केंद्रीय मंडळाच्या अनेक शाळा मार्चमध्ये परीक्षा घेऊन एप्रिलमध्ये नवी इयत्ता सुरू करतात आणि मग सुट्टी देतात. तीच पद्धत राज्यातही आणावी, ही चर्चा नव्या अभ्यासक्रम आराखड्याबरोबर महाराष्ट्रात झाली. गोव्यात २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू करण्यात आले; पालकांच्या एका गटाचा त्याला विरोध होता. प्राथमिक वर्ग त्यात नव्हते.

समर्थकांच्या मते नवी पुस्तके, नवा वर्ग, नव्या ताई-सर यांचे कुतूहल हजेरी टिकवते. उलट बाजूचे म्हणणे असे की महाराष्ट्राचे वर्ष पावसाशी आणि शेतीशी बांधलेले आहे, पाठ्यपुस्तके गावोगाव जूनमध्ये पोचतात आणि विदर्भात तर उन्हामुळे जूनमधली शाळाही इतर भागांपेक्षा उशिरा उघडते. एप्रिलमध्ये तीन आठवडे शिकवलेले मे-जूनच्या सुट्टीनंतर किती उरते, हा पुढचा प्रश्न.

सुट्टीत शिकलेले विसरले जाते, हे पाश्चात्त्य संशोधनात फार काळ मान्य होते. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्रित ताळा घेऊन ही घट सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी, आणि वाचनापेक्षा गणितात अधिक, असे मांडले. पुढे पॉल फॉन हिप्पेल यांनी दाखवले की जुन्या चाचण्यांची मापनपद्धत बदलली की निष्कर्षही डळमळतात. आपल्याकडे करोनाकाळाने याचे टोकाचे रूप दाखवले. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधल्या ९२ टक्के मुलांनी भाषेतली किमान एक आधी आलेली क्षमता गमावलेली दिसली. त्या पाचांत महाराष्ट्र नव्हता; राज्याने त्याच वर्षी जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबवला. पण दीड वर्षाची शाळाबंदी आणि सहा आठवड्यांची सुट्टी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

ज्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते

या साऱ्या भूमिकांत एक गट बहुधा तळटीप म्हणून येतो. ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गाळप आटोपले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावातली इतर मुले शाळेतून पांगण्याच्या बेतात असतात, तेव्हा ही मुले शाळेत येतात. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा, स्थलांतरित मुलाची माहिती पुढच्या शाळेला कळावी म्हणून शिक्षण हमी पत्रक, असे उपाय झाले. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी ठाणे-पालघर पट्ट्यात भोंगाशाळाही झाल्या. तरी परतलेल्या मुलाला पहिल्यांदा सामोरी येते ती परीक्षा. त्याच्यासाठी एप्रिल हा उजळणीचा, उपक्रमाचा आणि मैत्री पुन्हा जुळवण्याचाही महिना असायला हवा. आधी नापास न करण्याच्या धोरणाने निदान त्याचा वर्ग टिकत होता. आता पाचवीत पोचल्यावर वार्षिक परीक्षा त्याला अधिक जड जाईल, ही भीती कार्यकर्ते बोलून दाखवतात. नव्या नियमाचे समर्थक म्हणतात की काहीच न येता पुढे ढकलले जाणे हाही अन्यायच होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

वर्षाच्या शेवटी शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणारा आणखी एक गट आहे. २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात: पहिला एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. सात टेबले मांडलेली असतात. पहिलीत दाखल होणारे मूल नोंदणी करून रेषेवरून चालते, चेंडू झेलते, वस्तूंचे आकारानुसार गट पाडते, चित्र पाहून बोलते, पाच बिया मोजून देते. आईच्या हातात कार्ड दिले जाते आणि दरम्यानच्या उन्हाळी सुट्टीत घरी काय खेळायचे ते सांगितले जाते. एप्रिलमध्ये काय येत होते आणि जूनमध्ये काय येते, याची नोंद एकाच कागदावर होते. वर्षअखेरीच्या सगळ्या उपक्रमांत सुट्टीच्या दोन्ही टोकांना जोडणारा, आईला भागीदार करणारा आणि पुढच्या शिक्षकाच्या हाती काही देणारा, असा हा एकच उपक्रम राज्यव्यापी आहे.

अजून काय ठरायचे आहे

पहिला अनुत्तरित प्रश्न हजेरीचा. एप्रिलमध्ये मुले येत नाहीत हे सारेच मानतात. पण ती परीक्षा संपल्यामुळे येत नाहीत, उन्हामुळे, लग्नकार्यामुळे की वर्गात काही घडत नसल्यामुळे, हे वेगळे काढल्याखेरीज वेळापत्रक बदलून हजेरी वाढेल की नाही, हे सांगणे अवघड आहे. दुसरा प्रश्न प्रदेशाचा. कोकणातला, मराठवाड्यातला आणि पूर्व विदर्भातला एप्रिल सारखा नसताना राज्यभर एकच तारीख हवी की जिल्ह्याला मुभा हवी? एकाच प्रश्नपत्रिकेने तुलना सोपी होते. स्थानिक मुभेने वर्ग सुसह्य होतो. तिसरा प्रश्न शिक्षकाच्या वेळेचा. नोंदी, तपासणी, सराववर्ग, उपक्रम आणि शाळाबाह्य कामे हे सारे त्याच काही आठवड्यांत मागितले तर यांतले काहीतरी कागदावरच होणार.

चौथा प्रश्न यांहून कमी चर्चिला गेला, पण कदाचित सर्वांत कळीचा आहे: वर्षअखेरीला जमा झालेले ज्ञान जाते कुठे? जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा अजून चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा दाखला आणि श्रेणी सोबत जातात. त्याला भागाकार कुठवर येतो, कोणती गोष्ट ते आवडीने वाचते, वर्गात कशाने बुजते, हे जुन्या शिक्षकाजवळच राहते. नवा शिक्षक नव्या वर्षात पायाभूत चाचणीने पुन्हा पहिल्यापासून शोध घेतो. परीक्षा आधी की नंतर, उपक्रम की सराव, या प्रत्येक भूमिकेची कसोटी इथे लागते. एप्रिलमधले जे काम पुढच्या शिक्षकाला वाचता येईल अशा रूपात उरते, त्याला वर्षाचा भाग म्हणता येते. जे उरत नाही ते, पेपर असो वा मेळावा, तिथेच संपते. म्हणून वेळापत्रकावरची पुढची चर्चा तारखांपासून सुरू झाली तरी तिथेच अडू नये. चौथीच्या आणि पाचवीच्या शिक्षकांनी निकालाआधी तासभर एकत्र बसून मुलामुलाविषयी बोलावे, एवढी साधी तरतूदही आजच्या वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात सहसा आढळत नाही. कोणत्याही बाजूला न दुखावता ती करता येण्यासारखी आहे.